दलालाविना सौदा

घराच्या खरेदीखतातले शब्द एकेक करून वेगळे काढले तर त्यात आपल्या भाषेचा इतिहास सापडतो. मिळकत, मालमत्ता, मालक, मोबदला, कब्जा, वारस, हरकत, कुलमुखत्यार हे सारे शब्द अरबीतून, बहुधा फारसीच्या वाटेने, मराठी दस्तात येऊन बसले. खरेदी आणि दस्त हे फारसीतले. साक्षीदार या शब्दात तर ‘साक्षी’ संस्कृत आणि ‘दार’ फारसी. दोघे एकाच दस्तावर शेजारी बसलेले. दलाल हा शब्दही अरबी. वाट दाखवणारा, माल दाखवणारा तो दलाल. आज या शब्दाला जी तुच्छतेची छटा आली आहे, ती मुळात नव्हती.

दलाल दूर ठेवून थेट मालकाकडून घर घेण्याची इच्छा आपल्याकडे जुनीच आहे. दलालीचे एक-दोन टक्के वाचावेत हे तिचे उघड कारण. मुसलमान गिऱ्हाइकाला आणखी एक कारण असते. दलालाच्या खुर्चीपुढे नाव सांगितले की पुष्कळदा सौदा तिथेच संपतो. ‘मालक तयार आहेत हो, पण सोसायटी देत नाही,’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. ते मालकाचे म्हणणे की दलालाचे, हे कधी कळत नाही. प्रत्यक्ष मालकाशी बोलता आले, तर निदान नकार कोणाचा आहे एवढे तरी समजते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी पाहणी केली. सवर्ण हिंदू, दलित आणि मुसलमान अशा तिन्ही नावांनी घरे मागण्यात आली. सर्वांत जास्त नकार मुसलमान नावांच्या वाट्याला आले.

तेव्हा थेट सौद्याची ओढ समजण्यासारखी आहे. पण जे घर विकत घ्यायचे त्यात जर भाडेकरू राहत असेल, तर हा सौदा दोघांचा राहत नाही. विकणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसरा माणूस तिथे आधीपासून असतो. दस्तावर त्याची सही नसते, पण त्याच्या चुलीचा धूर त्याच छपराखालून निघत असतो. दलालाला वगळता येते. या तिसऱ्या माणसाला वगळता येते का, हा प्रश्न आपल्या फिक्‌हने, इंग्रजी अमलातल्या कायद्याने आणि मुंबईच्या चाळींनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवून पाहिला. त्याचाच हा थोडका आढावा.

मदिनेतले दोन सौदे

थेट खरेदीचा आपल्या परंपरेतला सर्वांत परिचित दाखला मस्जिदे नबवीच्या जागेचा. हिजरतीनंतर पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची उंटीण जिथे बसली, ती खजूर वाळवण्याची जागा सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. पैगंबरांनी मुलांना बोलावून किंमत विचारली. मुलांनी जागा तशीच देऊ केली. पैगंबरांनी ती दान म्हणून घेतली नाही, विकत घेतली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विकणारा दुबळा असताना, आणि तो स्वतः फुकट द्यायला तयार असतानाही, मोबदला ठरवून दिला गेला.

दुसरा सौदा इतका प्रसिद्ध नाही, पण आपल्या विषयाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. सहीह बुखारीतल्या शुफ्याच्या प्रकरणात तो येतो. पैगंबरांनी गुलामीतून मुक्त केलेले अबू राफे यांच्या दोन खोल्या हजरत साद इब्न अबी वक्कास यांच्या वाड्यात होत्या. त्या त्यांनी साद यांनाच घ्यायला सांगितल्या. साद आधी नको म्हणाले. मिस्वर इब्न मखरमा तिथे होते. त्यांनी घ्याच म्हणून आग्रह धरला. तेव्हा साद यांनी चार हजार दिरहमांपेक्षा जास्त देणार नाही, आणि तेही हप्त्यांनी, असे सांगितले. अबू राफे यांना दुसरीकडून पाचशे दिनार रोख मिळत होते. दिनारामागे दहा दिरहम हा त्या काळचा सर्वसाधारण भाव धरला, तर ही रक्कम पाच हजार दिरहमांची होते. तरी त्यांनी खोल्या साद यांनाच दिल्या. कारण त्यांनी दिले ते असे की, जवळिकीमुळे शेजाऱ्याचा हक्क मोठा, हे आपण पैगंबरांकडून ऐकले आहे.

या सौद्यात मध्यस्थ आहे, पण तो दलाली घेत नाही. हप्ते आहेत, घासाघीस आहे, वरचढ बोली लावणारा गिऱ्हाईकही आहे. माणसाच्या बाजारात जे असते ते सारे आहे. फरक एवढाच की, किंमत ठरवताना त्या जागेशी कोणाचे आधीपासून नाते आहे, हे विचारात घेतले गेले.

दलाली निषिद्ध आहे, असे मात्र यावरून कोणी समजू नये. शहरातल्याने खेडुताच्या वतीने विक्री करू नये, या हदीसचा अर्थ इब्न अब्बास यांनी ‘त्याचा दलाल होऊ नये’ असा सांगितला आहे. बाहेरून आलेल्या माणसाचा माल अडवून भाव चढवण्याला तो विरोध होता. दलालाच्या मेहनतान्यात काही गैर नाही, असे इब्न सीरीन, अता, हसन बसरी यांसारख्या पूर्वसूरींचे मत बुखारीनेच नोंदवले आहे. व्यवहारात लपवाछपवी नको हा खरा आग्रह. दोघांनी खरे सांगितले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपवले तर ती पुसली जाते, ही हदीस प्रसिद्धच आहे. ती दलाल असतानाही लागू आहे, नसताना अधिकच.

शेजाऱ्याला हक्क, राहणाऱ्याला नाही

या विचारातून शुफा, म्हणजे अग्रक्रयाचा हक्क, आकाराला आला. मिळकत परक्याला विकली गेली तर त्याच किमतीला ती आपण घेण्याचा हा हक्क. हनफी मताप्रमाणे तो तिघांना मिळतो: मिळकतीतल्या भागीदाराला, वाट किंवा पाणी यांसारख्या सामाईक सोयीत वाटा असणाऱ्याला आणि लगतच्या शेजाऱ्याला. शाफई मत तो फक्त भागीदारापुरता मानते. आपले कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, म्हणून हा भेद त्यांच्या घरच्याच परंपरेचा. विक्रीची बातमी कानावर पडताच मागणी बोलून दाखवायची, मग साक्षीदारांसमोर ती पुन्हा करायची, असे शुफ्याचे कडक टप्पे असतात. त्यात ढिलाई झाली की हक्क गेला.

इंग्रजी अमलातल्या न्यायालयांत हा हक्क बराच काळ चालला. १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी गोविंद दयाळ विरुद्ध इनायतुल्ला या खटल्यात त्याची जी मांडणी केली, ती पुढे पन्नास-साठ वर्षे आधारभूत मानली गेली. मुंबई इलाख्यात तो मुख्यतः गुजरातच्या काही भागांत रूढी म्हणून टिकला. स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये, केवळ शेजारीपणावर उभा असलेला असा हक्क मालमत्ता घेण्याच्या मूलभूत स्वातंत्र्याशी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

परंतु या सगळ्या सूक्ष्म चर्चेत भाडेकरू कुठे आहे? शुफा मालकीतून निर्माण होतो. भिंतीपलीकडच्या मालकाला तो आहे. भिंतीच्या आत चाळीस वर्षे भाड्याने राहणाऱ्याला तो कोणत्याही मजहबात नाही.

फिक्‌हने भाडेकरूला वाऱ्यावर सोडले, असा याचा अर्थ नाही. त्याचे संरक्षण वेगळ्या दाराने आले. इजारा, म्हणजे भाडेकरार, चालू असताना मालकाने घर विकले, तर नव्या मालकाला भाडेकरूला मुदतीआधी बाहेर काढता येत नाही. उस्मानी राजवटीत १८७६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी संहितेने हे स्पष्ट लिहून ठेवले. भाडेकरूच्या संमतीवाचून झालेली विक्री विकणाऱ्या-घेणाऱ्यांपुरती लागू. भाडेकरूवर ती बंधनकारक नाही. त्याने संमती दिली तरी, आगाऊ भरलेल्या भाड्याचा उरलेला भाग हाती पडेपर्यंत घर त्याच्याकडून घेता येत नाही. म्हणजे भाडेकरूला विकत घेण्याचा हक्क नाही, पण राहण्याचा आहे, आणि त्याचा पैसा परत केल्याशिवाय त्याला हलवता येत नाही.

हिंदुस्थानात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने जवळपास हेच तत्त्व इंग्रजी साच्यात आणले. त्याच्या कलम १०९ प्रमाणे घर विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याचे हक्क घेतो आणि भाडेकरूची इच्छा असल्यास त्याच्या जबाबदाऱ्याही. वेगळे ठरले नसेल तर विक्रीपूर्वीची थकबाकी जुन्या मालकाची. विक्रीची माहिती नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर नव्याला ते पुन्हा मागता येत नाही. म्हणून जाणते लोक खरेदीखताबरोबर जुन्या मालकाच्या सहीचे पत्र घेतात आणि प्रत्येक भाडेकरूला देतात.

मुंबईची पागडी

हे तत्त्व कागदावर सोपे होते. मुंबईत त्याचे रूप पालटले. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ते पक्के झाले. मूळ आधार १ सप्टेंबर १९४० चे भाडे. प्रमाण भाडे नियमित देणाऱ्याला मालक काढू शकत नव्हता. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होई. कराराची मुदत संपली तरी घर सुटत नव्हते.

याचा परिणाम डोंगरी, भेंडीबाजार, नागपाडा, मदनपुरा, माझगाव या वस्त्यांत आपण पिढ्यान् पिढ्या पाहिला. कोकणातून नोकरीला, बोटीवर किंवा गोदीत आलेल्या माणसाने एक खोली धरली आणि तीत नातवंडे वाढली. भाडे महागाईच्या मानाने नाममात्र झाले. मालकाला दुरुस्ती परवडेना. मग भाड्याच्या पावतीलाच बाजार आला. खोली सोडणारा नव्या माणसाकडून पागडी घेई आणि तिचा ठरलेला भाग मालकाला देऊन पावती नावावर करून घेई. १९४७ च्या कायद्याने असा पैसा घेणे गुन्हा ठरवले होते. तरी तो घेतला जात होता, आणि मुंबईतली असंख्य कुटुंबे त्यावरच घर मिळवत होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी मोबदला घेणे-देणे कायदेशीर केले.

त्याआधी, डिसेंबर १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत, असे म्हटले होते. मालकाची बाजूही खोटी नव्हती, हे विसरता येत नाही. त्याच्याकडे इमारत होती, पण तिचे मोल भाडेकरूंच्या हातात होते.

अशी इमारत विकत घेणारा नेमके काय घेतो? भाडे घेतो म्हणावे तर ते दुरुस्तीलाही पुरत नाही. राहण्याची जागा घेतो म्हणावे तर आत लोक आहेत. तो घेतो एक शक्यता: उद्या ही इमारत पाडून नवी उभी राहील ही. ती शक्यता भाडेकरूंच्या संमतीवाचून प्रत्यक्षात येत नाही. म्हणून ज्याने मालकाशी सौदा केला आणि भाडेकरूंशी बोलला नाही, त्याने अर्धाच सौदा केला.

मालक म्हणजे कोण?

थेट मालकाकडून घ्यायचे, तर मालक कोण हे आधी ठरवावे लागते. आपल्या समाजात हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बिकट आहे. मुस्लिम कायद्यात माणूस मरताच त्याच्या मिळकतीतले वारसांचे वाटे ठरतात. बायको, आई, मुलगे, मुली, सगळ्यांचे. एका वारसाला दुसऱ्याचा वाटा विकता येत नाही, मग मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचेही असो. पण व्यवहारात भाडे थोरला मुलगा वसूल करतो, पावतीवर सही त्याची, आणि विकायची वेळ आली की मालकही तोच. बहिणी लग्न होऊन रत्नागिरीला, पुण्याला, दुबईला गेलेल्या. त्यांच्या वाट्याविषयी सूरे निसामध्ये काय आहे ते सर्वांना ठाऊक असते. खरेदीखतात मात्र ते उतरत नाही. घेणाराही फार विचारत नाही, कारण विचारले तर किंमत वाढेल किंवा सौदा मोडेल.

हा केवळ नीतीचा मुद्दा नाही. बहिणीने पुढे दावा लावला तर घेणाऱ्याचा हक्क तिच्या वाट्यापुरता डळमळतो. भाऊ विकतो आहे आणि बहिणीची सही नाही, असा ‘थेट’ सौदा अर्ध्या मालकाशी केलेला सौदा असतो.

दुसरी अडचण वक्फची. मुतवल्ली हा व्यवस्थापक असतो, मालक नसतो. तो भाडे घेतो, पावती देतो, त्यामुळे भाडेकरूंना तो मालकच वाटतो. वक्फची मिळकत त्याला स्वतःच्या अधिकारात विकता येत नाही, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर अशा विक्रीला कायद्याने मुळातच शून्य ठरवले. इतर सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या मिळकतीला १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. स्वस्तात मिळते म्हणून अशा मिळकतीवर इसार देणारा आपला पैसाच धोक्यात घालतो, आणि समाजाच्या ठेव्यालाही हात घालतो.

यासाठी काय करायचे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत होते. तीस वर्षांचे दस्त निबंधकाच्या कार्यालयात तपासायचे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, सगळ्या वारसांच्या सह्या घ्यायच्या, आणि प्रत्येक खोलीत जाऊन भाडेपावती कोणाच्या नावे आहे, अनामत किती दिली आहे, हे विचारायचे. १९९९ च्या कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणून विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या अटी पुरत नाहीत. देणेघेणे लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, ही सूरे बकराची शिकवण नोंदणी कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

भाडेकरूच गिऱ्हाईक होतो तेव्हा

या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मात्र वेगळाच होता. राहणाऱ्यानेच का विकत घेऊ नये, हा प्रश्न राज्याने विचारला. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि या इमारतींवर उपकर बसला. पुढे १९७६ चा म्हाडा कायदा आला. त्यात १९८६ मध्ये आठ-अ हे प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादित करता येईल, अशी ती तरतूद. साऱ्या इमारतीचे महिन्याचे भाडे हजार रुपये असेल, तर किंमत एक लाख. भिंतीच्या आत राहणाऱ्याला जो हक्क शुफ्याने दिला नव्हता, तो असा कायद्याने दिला.

मालकांची संघटना न्यायालयात गेली. उच्च न्यायालयात हरल्यावर ते प्रकरण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले आणि तिथे बत्तीस वर्षे राहिले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक संसाधने’ या शब्दांत बसत नाही. दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारा हा निकाल आहे. शंभरपट भाडे हा न्याय्य मोबदला आहे का? सहल आणि सुहैल यांच्या जागेचा सौदा आठवला, तर या प्रश्नाकडे भाडेकरूंनाही पाठ फिरवता येणार नाही.

तिसरी वाट भेंडीबाजारने दाखवली. २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू डॉ. सय्यदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांच्या प्रेरणेने सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, ३२०० घरे आणि १२५० दुकाने, असा तो पसारा. ट्रस्टने इमारती मालकांकडून विकत घेत नेल्या आणि त्याच वेळी भाडेकरूंची संमती मिळवत नेली. नवीन घर भाडेकरूला मालकीचे, किमान साडेतीनशे चौरस फुटांचे. मालकाला किंमत, भाडेकरूला घर, आणि मधे नफ्यावर डोळा ठेवणारा कोणी नाही, अशी ही कल्पना.

पण तीतही वेळ हा निर्दय घटक होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया रस्त्यावरची, याच प्रकल्पातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. कागदावर सौदा ठरण्यात आणि माणूस सुरक्षित छपराखाली जाण्यात जे अंतर पडते, त्याची ही किंमत होती. कोणाचे काय चुकले, याची चर्चा पुढे झाली. आपल्यापुरता धडा एवढाच की, भाड्याच्या घराच्या खरेदीत राहणाऱ्याचा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आज आपल्या पुष्कळ कुटुंबांपुढे हाच प्रश्न आहे. इमारत जुनी आहे, मालक म्हातारा आहे किंवा त्याची मुले परदेशी आहेत, आणि कोणीतरी ती घेणार आहे. घेणारा बाहेरचा बिल्डर असेल, शेजारचा दुकानदार असेल, की तिथलेच रहिवासी एकत्र येऊन असतील, हे पुष्कळदा आपणच किती लवकर एकत्र बसतो यावर ठरते. शुफ्याच्या मागणीला क्षणाचाही विलंब चालत नसे. विक्रीची बातमी कानावर येताच जिन्यातल्या सगळ्या दारांवर थाप मारणे आणि मालकाच्या सगळ्या वारसांना, बहिणींसह, पत्र धाडणे ही आजची तलब आहे. दलालाचे दोन टक्के वाचले तर वाचोत. ज्याचा वाटा आहे त्याला वाटा आणि जो आत राहतो त्याला छप्पर, एवढे त्या खरेदीखतात उतरले पाहिजे.